इम्बोल्क: मेंढीच्या पान्ह्यापासून सरकारी सुट्टीपर्यंत

आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारीला थंडी काही सरलेली नसते. पाऊस असतो, झाडे बोडकी असतात आणि तिथले हवामान खातेही वसंत १ मार्चपासूनच धरते. जुन्या आयरिश कालगणनेत मात्र वसंत लागतो तो १ फेब्रुवारीलाच. या दिवसाचे नाव इम्बोल्क. ख्रिस्तपूर्व काळातली देवदेवतांची उपासना नव्याने आचरणारे युरोप-अमेरिकेतले नवपेगन पंथ तो देवीचा सण म्हणून पाळतात, कॅथलिक लोक संत ब्रिजिडची पुण्यतिथी म्हणून पाळतात आणि २०२३पासून आयर्लंडचे सरकार त्यासाठी सुट्टी देते. तिघांचाही हक्क खरा आहे, पण तिघांचे वय सारखे नाही. 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' असे एका दमात म्हटले की हा फरक बुजतो आणि ज्या माणसांनी हा सण खरोखर टिकवला, ती नजरेआड होतात.

सगळ्यांत जुना धागा मेंढीचा. मेंढीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा. सप्टेंबरच्या सुमाराला फळलेल्या मेंढ्या फेब्रुवारीत वितात आणि त्याआधीच त्यांची कास भरू लागते. याच वेळी गाई भाकड असतात, चारा तळाला गेलेला असतो, साठवलेले लोणी संपत आलेले असते. अशा घरात नव्या वर्षाचे पहिले ताजे दूध मेंढीचे. इसवी सन ९००च्या सुमाराचा एक आयरिश शब्दकोश दक्षिण आयर्लंडमधल्या मन्स्टरचा राजा आणि बिशप कॉर्मक याच्या नावावर आहे. तो या दिवसाचा संबंध मेंढीच्या दुधाशीच जोडतो. आयरिश दंतकथांतला वीर कूखुलिन याच्या कथेत त्याची भावी पत्नी एमर त्याला वर्षाचे टप्पे सांगते, तिथेही इम्बोल्क म्हणजे वसंताच्या तोंडाशी मेंढ्या दुभत्या होण्याची वेळ.

हिवाळ्याच्या आरंभीच्या समाइन सणाला जुन्या ग्रंथांत सभा आणि मेजवान्या आहेत. मे महिन्यातल्या बेल्टेनला दोन अग्नींमधून गुरे नेल्याची नोंद आहे. इम्बोल्कच्या वाट्याला असे काही भव्य आलेले नाही. एका मध्ययुगीन श्लोकात त्या दिवशी हात, पाय आणि डोके धुवावे आणि प्रत्येक अन्न चाखावे एवढे सांगितले आहे. मला यात उणीव दिसत नाही. रस्ते चिखलाचे, कोठार रिकामे, जनावरे विण्याच्या बेतात, अशा दिवसांत माणसे जत्रा भरवत नाहीत. हा सण पहिल्यापासून घर आणि गोठ्याचाच असावा. तारा टेकडीवरच्या एका पाषाणयुगीन थडग्यात फेब्रुवारीच्या आणि नोव्हेंबरच्या आरंभी सूर्यकिरण आत शिरतात, हे खरे आहे. पण ते थडगे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे. तिथल्या माणसांचा सण आणि कॉर्मकच्या कोशातला सण एकच, असे त्यावरून ठरत नाही.

ब्रिजिडही त्याच कोशात भेटते. ती दाग्दा या देवाची मुलगी, कवींची आराध्यदेवता. तिच्या दोन बहिणींचे नावही ब्रिजिडच, एक वैद्यकाची देवी, दुसरी लोहारकामाची. संत ब्रिजिड ही आयर्लंडमधल्या किल्डेअर गावच्या मठाची संस्थापक, तिचा मृत्यू परंपरेने ५२५च्या सुमाराचा मानतात. देवीची संत झाली की संताभोवती देवीच्या कथा गोळा झाल्या, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. पण कोगितोसस नावाच्या भिक्षूने ६५०च्या आसपास लिहिलेले तिचे लॅटिन चरित्र वाचले की एक गोष्ट लख्ख दिसते: तिचे चमत्कार बहुतेक दुभत्याचे आहेत. गरिबाला दिलेले लोणी पुन्हा भरून येते, एकच गाय दिवसातून तीनदा दूध देते. एकदा तर ती आपला ओला झगा सूर्यकिरणावर वाळत घालते. भुकेच्या महिन्यात अशीच संत लोकांना हवी होती, म्हणून हा दिवस तिचा झाला. बाराव्या शतकाच्या अखेरीस गेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरू-लेखकाने किल्डेअरच्या अखंड अग्नीचे वर्णन केले. एकोणीस साध्वी आळीपाळीने एकेक रात्र तो जपायच्या आणि विसाव्या रात्री तो स्वतः ब्रिजिडच्या स्वाधीन करायच्या. सोळाव्या शतकात इंग्रजी सत्तेने मठ बंद केले आणि तो अग्नीही गेला.

घरातला सण चालूच राहिला, आणि मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हा भाग. ३१ जानेवारीच्या संध्याकाळी लव्हाळ्यासारखे पाणथळ गवत आणायचे. ते कापायचे नाही, उपटायचे. गवताची मोळी घेऊन घरातले कोणीतरी दाराबाहेर उभे राहते आणि हाक देते: गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत येऊ द्या. आतून उत्तर येते, तिचे स्वागत असो. मग लोणी घालून घोटलेल्या बटाट्याचे जेवण आणि त्यानंतर क्रूस विणणे. एक काडी उभी धरायची, दुसरी तिच्या मध्यावर दुमडायची, सगळे पाव फेरा फिरवायचे, तिसरी काडी दुसरीवर दुमडायची. प्रत्येक घडीला मध्य अंगठ्याने दाबून ठेवावा लागतो, नाहीतर विणलेले सगळे सुटते. दहा-बारा काड्यांत मध्ये चौकोन उठतो, मग चारी टोके बांधायची. हा क्रूस घराच्या आढ्याला आणि गोठ्यात वर्षभर राहतो. त्याच रात्री कापडाचा तुकडा किंवा फीत बाहेर झुडपावर टाकतात. जाता जाता ब्रिजिड त्याला स्पर्श करते अशी श्रद्धा. डोके दुखले, गाय अडली, बाळंतीण अडली की तो तुकडा काढायचा. आयर्लंडच्या केरी परगण्यात गवताच्या उंच टोप्या घालून, ब्रिजिडची बाहुली घेऊन वाजतगाजत दारोदार जाण्याची प्रथा आजही आहे.

हे सगळे आपल्याला इतक्या बारकाईने कळते, याचे श्रेय १९३५मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाला. १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले वह्यांत उतरवून काढले आणि १९४२मध्ये आयोगाने खास या सणावर प्रश्नावली पाठवली. उत्तरे देणारी माणसे श्रद्धाळू कॅथलिक शेतकरी होती. आपण पेगन सण पाळतो असे त्यांच्या मनातही आले नसते.

आज जगभर साजरा होणारा पेगन इम्बोल्क इंग्लंडमध्ये घडला. तिथला चेटूकविरोधी कायदा १९५१मध्ये रद्द झाला, १९५४मध्ये विक्का या आधुनिक पेगन पंथाचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर याचे पुस्तक आले आणि त्या दशकात त्याच्या गटाने आठ सणांचे वर्षचक्र स्वीकारले. इम्बोल्क त्यातला एक. मेणबत्त्या, दूध, घराची साफसफाई, नव्या कामाचे संकल्प हे त्याचे आजचे रूप. ते नवे आहे म्हणून खोटे ठरत नाही. ऑस्ट्रेलियातले अनेक नवपेगन तो १ ऑगस्टच्या सुमाराला पाळतात, कारण तिथे हिवाळा तेव्हा सरतो. तारखेपेक्षा ऋतूला मान देणारा हा निर्णय मला या सणाच्या मूळ स्वभावाशी इमानी वाटतो. त्या शेतकरी घरांचे ऋण मात्र मोकळेपणाने मान्य व्हायला हवे.

किल्डेअरमध्ये १९९३ साली ब्रिजिडाइन साध्वींनी ब्रिजिडची ज्योत पुन्हा पेटवली. २००६मध्ये राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या हस्ते ती गावच्या चौकात कायमची प्रज्वलित झाली. त्या ज्योतीपाशी कॅथलिकही येतात, पेगनही. २०२३मध्ये पहिली राष्ट्रीय सुट्टी मिळाली, आयर्लंडमध्ये एका स्त्रीच्या नावाने दिलेली पहिलीच. ही सुट्टी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते. १ तारीख शुक्रवारी आली तरच त्या दिवशी. त्यामुळे बहुतेक वर्षी सुट्टी एका दिवशी आणि सण दुसऱ्या दिवशी येतो. क्रूस विणणारे लोक सोमवारची वाट पाहत नाहीत, ३१ जानेवारीलाच गवत आणतात.