स्क्रीनिंगमध्ये नाव आलं म्हणजे डिस्लेक्सिया आहे का?

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन, रडत, "ताई, पोराला डिस्लेक्सिया निघाला गं". पोरगा पहिलीत. शाळेच्या चिठ्ठीत फक्त एवढंच होतं की वाचनाच्या स्क्रीनिंगमध्ये याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं असं दिसतंय. डिस्लेक्सिया (बुद्धी ठीक असूनही वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण) हा शब्दसुद्धा नव्हता त्यात! आणि तिकडे पालकांच्या ग्रुपवर दुसरी एक आई "आमचा नॉर्मल आला, सुटलो" म्हणून मोकळी. माझ्या मते दोघींचंही चुकलं.

शाळेत डोळ्यांची तपासणी होते ना, भिंतीवरचा तक्ता वाचायला लावतात आणि चिठ्ठी देतात की डॉक्टरांना दाखवा, त्या चिठ्ठीवरून कोणी चष्मा करायला टाकत नाही. स्क्रीनिंग तसंच. वर्गातल्या सगळ्या पोरांना छोट्या छोट्या गोष्टी विचारतात, यमक जुळतं का, चित्रांची नावं भराभर सांगता येतात का, 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं (आमचं पोर इथे गप्प बसलं होतं). आवाजांचे हे खेळ महत्त्वाचे, कारण नुसत्या अक्षरांवर गेलं तर पहिलीत अर्धा वर्ग अडकेल, घ-ध आणि भ-म मध्ये कोण गोंधळत नाही, आणि बाराखडी, जोडाक्षरं पक्की व्हायला साध्या पोरांनाही दोन-तीन वर्षं लागतात. शिवाय नाव येण्याची कारणं ढीगभर असतात, कमी ऐकू येणं, नजर, शाळा बुडणं, घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी. मराठी घरातल्या पोराला फक्त इंग्रजीत तपासलं तर नक्की काय तपासलं ते विचाराच.

निदान म्हणजे वेगळंच काम. ते सायकॉलॉजिस्ट करतात, एकेका मुलाला समोर बसवून, कान-डोळे आधी बघून, मग बुद्ध्यांक, वाचन, लेखन, गणित असं सगळं, बऱ्याचदा दोन-तीन वेळा बोलावून. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये डिस्लेक्सिया तपासण्याचा 'डाली' नावाचा संच काढला, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, त्यातच बघा, शिक्षकांसाठी स्क्रीनिंग वेगळं (पहिली-दुसरीचं एक, तिसरी ते पाचवीचं दुसरं) आणि सायकॉलॉजिस्टसाठी तपासणी वेगळी. सर्टिफिकेट निदानावरच मिळतं, स्क्रीनिंगवर नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात डिस्लेक्सिया धरलाय, पण 2018 च्या नियमांत सर्टिफिकेट आठ वर्षांच्या पुढेच होतं, मग 14 आणि 18 ला परत तपासणी. दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे याच कागदावर.

आता खरी गडबड इथे होते. लोक म्हणतात आठ वर्षांचा होऊ दे, मग बघू. अहो पण अक्षराचा आवाज शिकवायला सर्टिफिकेट कशाला लागतं? स्क्रीनिंग लवकर करतात ते याचसाठी, नाव काही का असेना, उद्यापासून पोराला रोज थोडं वेगळं शिकवायला घ्यायचं आणि काही महिन्यांनी परत बघायचं. नीट शिकवूनही गाडी हलत नसेल तर ती माहिती पुढे निदानालाही कामी येते.

आणि त्या "सुटलो" वाल्या आईला सांगायचं तर, हुशार पोरं स्क्रीनिंगमधून निसटतातही. धडा तोंडपाठ करून खडाखडा म्हणतात, बोट मात्र भलत्याच शब्दावर असतं. तिसरीत नवा धडा समोर आला की मग कळतं.

बहिणीने कान तपासून घेतले, ठीक आहेत. शाळेतल्या बाई रोज वीस मिनिटं त्याला घेऊन बसतात, दिवाळीनंतर परत बघणारेत. परवा मी फोनवर सहज विचारलं, कमळमधला क काढ बरं, तर जरा थांबून म्हणतो, "मळ", आणि लगेच, "ई मावशी, घाण!"