भोंग्याच्या वेळेवर भरणारी शाळा

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर खालच्या बाजूला एक रकाना असतो: ‘शाळा सोडण्याचे कारण’. तिथे शाळेचा क्लार्क ठरलेल्या दोन-तीन गोष्टींपैकी एक लिहितो. ‘पालकांच्या विनंतीवरून’, ‘सतत गैरहजर’, फार तर ‘घरगुती अडचण’. वर वर्तणूक ‘चांगली’. आईबाप ऊसतोडीला गेले आणि धाकट्यांना सांभाळायला घरात कुणी उरलं नाही, किंवा सातवीपासून गणित सुटलं ते सुटलंच, हे त्या दीड इंचात मावत नाही. सात-आठ वर्षांनी तोच पोरगा बाहेरून दहावीला बसायचं मनावर घेतो तेव्हा पहिल्यांदा हाच कागद लागतो. तो घरात सापडत नाही. मग गावी जा, शाळेत अर्ज द्या, दुय्यम प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र करा. अभ्यासाचं पुस्तक उघडायच्या आधीच बरेच जण इथून परत फिरतात.

शाळेतही नाहीत, कामावरही नाहीत आणि कसलं प्रशिक्षणही घेत नाहीत अशा तरुणांना अर्थशास्त्राच्या भाषेत ‘नीट’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांचा हा शब्द ब्रिटनमध्ये गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला आणि जगभरच्या अहवालांत शिरला. आपल्याकडे नीट म्हणजे डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा, आणि त्याआधी नीट म्हणजे व्यवस्थित. ज्यांचं काहीच नीट चाललेलं नाही त्यांना हे नाव मिळावं, हा योगायोग मराठीपुरताच. पण शब्द नवा असला तरी ही मुलं नवी नाहीत, आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्रात झालेल्या सोयीही दीडशे वर्षांहून जुन्या आहेत. यातली प्रत्येक सोय कुणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून केली गेली. आज ती का पुरत नाही हे समजायला तो डोळ्यांसमोरचा माणूस कोण होता, हे पाहावं लागतं.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रीची शाळा काढली ती शेतकरी आणि मजुरांसाठी. दिवसभर राबणारा, वयाने वाढलेला, अक्षराला कधी हात न लागलेला माणूस तिथे येणार होता. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच निवेदनात शिक्षकाविषयी त्यांनी जे म्हटलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातलेच तयार करावेत, आणि वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटू नये. अभ्यासक्रमात मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीची मूलतत्त्वंही असावीत. अक्षर आणि हत्यार एकाच माणसाच्या हातात असावं, ही मागणी इतकी जुनी आहे. सरकारने ती कधी गंभीरपणे घेतली नाही.

तोवर मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. कावसजी दावर यांच्या गिरणीत १८५६ मध्ये सूत निघायला लागलं आणि कोकण-घाटावरून माणसं येऊ लागली, पोरंसुद्धा. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि बारापर्यंतच्यांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. म्हणजे आठ वर्षांचं पोर नऊ तास राबलं तर कायद्याची हरकत नव्हती. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस कायद्याने बारा तासांवर आणला आणि ती सुधारणा समजली गेली. त्याच वर्षी ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगने गिरणगावात वाचनालयं काढली आणि रात्रीच्या शाळा चालवल्या. बारा तास साच्यावर उभं राहून आलेला माणूस कंदिलाच्या उजेडात बाराखडी गिरवत होता, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की ‘कामगारांना शिक्षणाची आवड नाही’ असं म्हणणाऱ्यांची गंमत वाटते.

पुढच्या काळात या शाळा निरक्षरांपुरत्या राहिल्या नाहीत, मॅट्रिकपर्यंत गेल्या. मुंबईच्या रात्रशाळेचं रूप तेव्हा ठरलं ते आजही फारसं बदललेलं नाही. स्वतःची इमारत नाही, दिवसा दुसरी शाळा भरते त्याच खोल्या संध्याकाळी साडेसहाला उघडायच्या. बाक चौथी-पाचवीच्या मुलांच्या मापाचे, त्यामुळे बावीस वर्षांचा विद्यार्थी गुडघे आडवे काढून बसतो. फळ्यावर दुपारच्या वर्गाचा सुविचार तसाच असतो. पहिला तास अर्धा रिकामा, कारण दुकानाचं शटर खाली ओढल्याशिवाय शेठ सोडत नाही. नऊ-साडेनऊला सुटायचं. जाताना एक-दोघं जण बाकावर डोकं ठेवून झोपलेले असतात आणि सर त्यांना उठवतात, रागावत नाहीत. या सगळ्या मांडणीमागे एक गोष्ट गृहीत होती. मुलगा दिवसा कामाला आहे. नोकरी आहे, कमी आहे ती फक्त सर्टिफिकेटाची. ते मिळालं की हमालाचा शिपाई होईल, शिपायाचा क्लार्क होईल.

काम आणि शाळा दोन्ही नसलेल्यांसाठी त्याच काळात एक वेगळी वाट निघाली होती, ती बायकांसाठी. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, गोपाळ कृष्ण देवधर तिथे संघटनेचं काम पाहत. येणाऱ्या बऱ्याच जणी प्रौढ, कित्येक विधवा, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्यांच्यासाठी लिहिण्या-वाचण्याचे वर्ग होते, शिवण होतं, आणि पुढे ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकेचं शिक्षण होतं, शिक्षिका होण्याची सोय होती. अक्षरओळखीपासून पगाराच्या नोकरीपर्यंतचा सगळा रस्ता एकाच छताखाली. आज ज्याला मोठमोठी नावं देऊन ‘एकात्मिक’ म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं? मुलग्यांसाठी मात्र असं कुणी फारसं केलं नाही, बहुधा मुलगा काहीतरी काम शोधून काढेलच अशी समजूत होती म्हणून. १९५८ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी शाळेचे संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले, ते याच वाटेवरचं पुढचं पाऊल.

कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना आणि १९३७ च्या वर्धा परिषदेतली गांधीजींची नई तालीम यांचा उल्लेख इथे करायलाच हवा. पण दोन्हींचा भर मूल शाळेत असतानाच हाताला काम देण्यावर होता. शाळेबाहेर पडलेल्याला परत आणण्याचा प्रश्न त्यांनी वेगळा हाताळला नाही.

स्वातंत्र्यानंतर खरी फारकत झाली. १९५० मध्ये केंद्राने कारागीर प्रशिक्षण योजना आणली आणि आयटीआयचं जाळं विणायला घेतलं, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आयटीआयच्या मराठी पाट्या वाचायला मजा येते: फिटर तो जोडारी, वेल्डर तो संधाता, टर्नर तो कातारी, वायरमन तो तारतंत्री. आत मात्र सगळे फिटर-वेल्डरच म्हणतात. शिक्षण चांगलं होतं, ओरखडा न पडता फाइल कशी मारायची इथपासून. पण आयटीआयचं खातं वेगळं आणि शाळेचं वेगळं. काही ट्रेडना आठवी चालायची, बाकीच्यांना दहावी हवीच. ज्याची शाळा सुटली त्याला कारखान्याचं दार अर्धंच उघडं होतं, आणि ज्याने आठवीनंतर वेल्डिंग शिकलं तो बोर्डाच्या हिशेबात आठवी पासच राहायचा.

बोर्डाच्या बाजूने दार होतं ते सतरा नंबरचं. माध्यमिक शिक्षण मंडळाचा कायदा १९६५ चा. शाळेत नाव न घालता परीक्षेला बसणाऱ्या खासगी विद्यार्थ्याचा फॉर्म म्हणजे १७ नंबर, आणि हा आकडा महाराष्ट्रात इतका मुरला आहे की ‘सतरा नंबर भरला’ एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. दहावीसाठी वय १४ पूर्ण आणि किमान पाचवी पास, इतकीच अट. इतकी सैल अट ठेवणाऱ्याने मोठ्या मनाने विचार केला असणार. या फॉर्मने गृहिणी दहावी झाल्या, पोलिसभरतीची तयारी करणारी पोरं बारावी झाली. पण त्यात शिकवणं कुठेच नाही. संपर्क केंद्र म्हणून एक शाळा नेमून देतात, तिथे कागद द्यायचे आणि परीक्षेची वाट पाहायची. बीजगणित कुणी समजावून द्यायचं, हा फॉर्मचा प्रश्न नव्हे.

आणि या फॉर्मचा उलटा उपयोगही होतो. नववीत कच्चा असलेला मुलगा दहावीला बसला तर शाळेचा निकाल खाली येतो. मग पालकांना बोलावून सांगितलं जातं, ‘दाखला घ्या, सतरा नंबर भरा, बाहेरून सोपं जाईल.’ बाहेरच्याला आत घ्यायला केलेलं दार आतल्याला बाहेर काढायला वापरायचं, ही अक्कल कुणी कुणाला शिकवावी लागली नाही. दाखल्यावर कारण काय पडतं? ‘पालकांच्या विनंतीवरून.’

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, दत्ता सामंतांचा तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या एकेक करत बंद झाल्या आणि रात्रशाळेचं गणितच बदललं. तोवर कामगाराच्या मुलाला दोन भरवसे होते: गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवतील, आणि रात्री शाळा आहे. पहिला भरवसा गेला. वरळीला १९६७ मध्ये देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं होतं, कामगारांनी कामाबरोबर शिकावं म्हणून. २००० मध्ये त्याच्यासारख्या संस्थांचं नाव जनशिक्षण संस्थान झालं. नावातून श्रमिक गेला. तोवर आजूबाजूच्या वस्तीतूनही तो बराचसा गेला होता.

संपानंतर वर्षभराने, मुंबईपासून दूर, शिरूर तालुक्यातल्या पाबळला एक प्रयोग सुरू झाला. डॉ. श्रीनाथ कालबाग हे अन्नतंत्रज्ञानातले संशोधक हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे गेले. त्यांनी विज्ञान आश्रम काढला तो शाळा सोडलेल्या पोरांसाठी. त्यांचं म्हणणं साधं होतं: ही पोरं मठ्ठ नाहीत, शाळेने त्यांना ज्या पद्धतीने शिकवलं ती त्यांची पद्धत नव्हे. वर्षभर निवासी राहायचं. वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, मोटार दुरुस्ती, माती परीक्षण, कोंबड्या आणि गाई, सगळं थोडं थोडं, आणि सरावाचे नमुने करण्यापेक्षा गावातल्या खऱ्या गिऱ्हाइकासाठी. जमिनीतल्या पाण्याचा अंदाज घ्यायला आश्रमातली पोरं जमिनीचा विद्युतरोध मोजायची, आणि तो मोजता मोजता ओहमचा नियम शिकायची. लोखंडी त्रिकोण जोडून केलेले घुमट ही पाबळची खूण. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर असे घुमट तिकडेही उभे राहिले. घुमटाचा एक दांडा मापात चुकला तर शेवटचा त्रिकोण बसत नाही. ज्याला वर्गात भूमिती कळली नव्हती त्याला ती शिडीवर उभं राहिल्यावर कळायची.

कालबागांनी पुढे हाच अभ्यासक्रम आठवड्यातून एक दिवस शाळांमध्ये नेला आणि राज्य मंडळाने तो विषय म्हणून मान्य केला. आश्रमाच्या वर्षभराच्या पदविकेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता मिळाली. कालबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे. तरीही पाबळ गावोगाव झालं नाही. कारण उघड आहे. एका माणसाने दहा हत्यारं चालवायची आणि वर विज्ञान समजावून द्यायचं, असा शिक्षक कुठल्याही बी. एड. कॉलेजातून निघत नाही. जोतीरावांची वाकसाची अट इथे पुन्हा आडवी येते.

मुक्त शिक्षणाची मोठी दारं १९८९ मध्ये उघडली. नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं, राम ताकवले पहिले कुलगुरू. दिल्लीत राष्ट्रीय मुक्त विद्यालयही त्याच वर्षी स्वतंत्र झालं. दोघांनी लाखोंना पदव्या आणि प्रमाणपत्रं मिळवून दिली. पण पोस्टाने आलेलं पुस्तक स्वतः वाचून समजू शकणाऱ्यालाच त्यांचा खरा फायदा होतो, आणि नववीतून गळालेल्याचा घोळ नेमका तिथेच असतो.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, सहा ते चौदा वयासाठी. बालमजुरी कायद्यातली २०१६ ची दुरुस्ती चौदाखालच्यांना कामावर बंदी करते आणि चौदा ते अठराला फक्त धोक्याच्या कामांपासून लांब ठेवते. म्हणजे पंधराव्या वर्षी शाळेत ठेवायची सक्ती कुणावर नाही. गळती नववी-दहावीत का वाढते याचं अर्धं उत्तर या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारने शाळा आणि आयटीआय ही दोन्ही खाती जोडायचे प्रयत्न केले. आयटीआय केलेल्यांना भाषेचे विषय देऊन दहावी-बारावीची समकक्षता मिळू लागली, आणि माझ्या मते यातली सर्वांत कामाची गोष्ट हीच. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली, काही आठवड्यांच्या कोर्सची. दहावीच्या गुणपत्रिकेवरून ‘अनुत्तीर्ण’ शेरा गेला आणि ‘कौशल्य विकासास पात्र’ आला. हेतू दुखवायचा नव्हता, पण पोरांनी अर्थ लगेच लावला: नापास. कौशल्य हे नापासांचं खातं, हे आपण छापून दिलं. रात्रशाळांचं म्हणाल तर २०१७ मध्ये दिवसाच्या शाळेत नोकरी असलेल्या शिक्षकांना रात्री शिकवायला मनाई झाली आणि कित्येक शाळांतले अनुभवी शिक्षक एका फटक्यात गेले. मासूमसारख्या संस्था या शाळांत संध्याकाळचा खाऊ आणि फिरती प्रयोगशाळा पुरवतात म्हणून बऱ्याच ठिकाणी दिवे लागतात.

वेळ मात्र तीच आहे, साडेसहा. ती ठरली होती पहिल्या पाळीचा भोंगा दुपारी वाजून कामगार चाळीत परतायचा त्या दिवसांत. आज लालबाग-परळच्या टॉवरखाली पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून उभी असलेली पोरं दुपारभर मोबाइलकडे पाहत बसलेली असतात, ऑर्डरी नसतात. त्यांचं काम संध्याकाळी सातला सुरू होतं आणि अकरापर्यंत श्वास घेऊ देत नाही.