मेगावॅट वेगळं, युनिट वेगळं: साक्रीच्या सोलर प्लांटवरून सांगतो

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा सोलर प्लांट आहे, 125 मेगावॅटचा, 2013 पासून चालू. हा आकडा ऐकला की बरेच जण सरळ 24 तासांनी गुणतात आणि म्हणतात रोज 30 लाख युनिट निघत असणार. इथेच सगळा घोळ होतो.

मेगावॅट म्हणजे ताकद, युनिट म्हणजे त्या ताकदीने प्रत्यक्षात निघालेली वीज. विहिरीवरच्या मोटरचं बघा ना, 5 एचपी लिहिलंय म्हणून पाणी किती निघालं ते कळतं का, ते लाइट किती तास होती त्यावर ठरतं. लाइट बिलावर पण मंजूर भार किलोवॅटमध्ये आणि वापर युनिटमध्ये असा वेगवेगळाच असतो. 1 मेगावॅट पूर्ण 1 तास चाललं की 1000 युनिट, बस.

आता सोलरमध्ये हा फरक जास्त का जाणवतो, तर सिलिकॉनच्या सेलवर उजेड पडला की आतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि सेलमधल्या दोन थरांच्या जोडावर जे विद्युत क्षेत्र असतं ते त्यांना एकाच दिशेला ढकलतं, ही झाली डीसी वीज, मग इन्व्हर्टर तिची एसी म्हणजे घरात येते तशी, दिशा बदलत राहणारी वीज करतो, ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो आणि ती लाइनवर जाते. म्हणजे जेवढं ऊन तेवढीच वीज, सकाळी थोडी, दुपारी भरपूर, ढग आला की लगेच खाली आणि रात्री शून्य. आपल्याकडे ढोबळमानाने 1 किलोवॅटमागे दिवसाला 4 ते 5 युनिट धरतात, तर 125 मेगावॅटचे 5-6 लाख युनिट होतात. प्लांट कमी पडतोय असं अजिबात नाही, दिवसच तेवढा असतो!

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, पॅनलवर लिहिलेले वॅट हे सेल 25 डिग्रीला असताना मोजलेले असतात. मे महिन्यातल्या उन्हात पॅनल 60 डिग्रीपर्यंत तापू शकतं, आणि सिलिकॉनची ताकद दर डिग्रीला साधारण 0.4 टक्के घटते, म्हणजे 35 डिग्रीचे 14 टक्के गेलेच की, तेही ऐन कडक उन्हात.

वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या बातम्या वाचताना तर मेगावॅट आणि युनिट दोन्ही आकडे बघाच, नुसतं 10 मेगावॅट लिहिलं असेल तर ती 1 तास पुरणार का 4 तास तेच कळत नाही.