पुठ्ठ्याचे शोभिवंत खोके

घरातील किरकोळ वस्तू ठेवण्यासाठी पुठ्ठ्यावर कागद किंवा कापड चिकटवून तयार केलेली झाकणाची हलकी पेटी. बांगड्या, सुई-दोरा, वीजबिले, पत्रे, औषधांच्या पट्ट्या, लग्नपत्रिका अशा ज्या वस्तूंना कपाटात स्वतंत्र जागा नसते, त्या या खोक्यात जातात. बुटांचे, साड्यांचे व मिठाईचे रिकामे खोके हा तिचा मुख्य कच्चा माल असल्याने खर्च कागद, कापड आणि चिकटद्रव्य यांपुरताच राहतो. महाराष्ट्रात ही कला शाळेतील कार्यानुभवाच्या तासातून आणि लग्नातील रुखवतातून घरोघरी पोचली आहे. रुखवतात मांडलेले खोके बहुधा नुसते पाहण्यासाठीच असतात, पण नंतर त्यांतच वधूचे दागिने आणि पुढे मुलांचे रंगीत खडू जाऊन बसतात.

पुठ्ठ्याचे दोन प्रकार वापरात आहेत. एक म्हणजे वहीच्या किंवा पुस्तकाच्या बांधणीत असतो तसा भरीव पुठ्ठा, आणि दुसरा पन्हळी पुठ्ठा, म्हणजे ज्यात नागमोडी दुमडलेला कागद असतो तो. पन्हळी कागदाचे पहिले पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ साली उंच टोप्यांच्या अस्तरासाठी घेतले गेले. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स याने बाटल्यांसारख्या काचेच्या वस्तू गुंडाळण्यासाठी एका बाजूने उघडा असलेला पन्हळी कागद आणला आणि १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग याने त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट कागद लावला. आज घरी येणाऱ्या सामानाचे तीनपदरी खोके याच रचनेचे असते. पन्हळी उभ्या असतील तर वरून येणारा भार त्या पेलतात, आडव्या असतील तर भिंत लवकर दबते. म्हणून जुने खोके कापून नवे करताना पन्हळीची दिशा आधी पाहावी लागते. बहुतेक फसलेल्या खोक्यांचे मूळ या दुर्लक्षात असते.

मापे घेणे हा या कामातला खरा कस आहे. ३० सेंमी लांब, २० सेंमी रुंद व १२ सेंमी उंच खोके एकाच तुकड्यातून करायचे असल्यास ५४ × ४४ सेंमीचा पुठ्ठा लागतो, कारण चारही बाजूंना उंचीइतकी पट्टी सोडावी लागते. चार कोपऱ्यांतील १२ सेंमीचे चौरस कापून टाकतात आणि घडीच्या रेघांवर पट्टी ठेवून कटरची हलकी खाच देतात. खाच पुठ्ठ्याच्या निम्म्या जाडीपलीकडे गेली की घडी तिथेच फाटते. भरीव पुठ्ठ्यात खाचेची बाजू घडीच्या बाहेर येईल असे दुमडतात. झाकणाचे आतले माप खोक्याच्या बाहेरच्या मापापेक्षा ३ ते ४ मिमी मोठे ठेवतात, कारण आच्छादनाची जाडीही तेवढ्यातच मावायची असते. जाड कापड लावायचे ठरल्यास ही मोकळीक आणखी वाढवावी लागते. एरवी झाकण बसते, पण निघत नाही.

चिकटवण्यासाठी परंपरेने खळ वापरतात. मैदा थंड पाण्यात गुठळी न राहता कालवून मंद आचेवर सतत ढवळत शिजवला की तो पारदर्शक होऊ लागतो आणि चिकटतो. चिंचोक्याची खळ यापेक्षा अधिक घट्ट धरते. खळीला कसर व झुरळे लागू नयेत म्हणून पूर्वी पुस्तके बांधणारे बाइंडर तिच्यात मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालीत. ते विषारी असल्याने मुलांच्या हाती देण्याच्या खोक्यात टाळलेलेच बरे. १९५९ साली बाजारात आलेल्या फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने खळीची जागा बऱ्याच अंशी घेतली. त्यात पाणी कमी असल्याने पुठ्ठा कमी भिजतो. मोठ्या पृष्ठभागावर मात्र खळच सोयीची ठरते, कारण ती सावकाश वाळते आणि तोवर कागद सरकवून फुगे काढता येतात.

आच्छादन केवळ शोभेसाठी असते, असा समज आहे. प्रत्यक्षात खोक्याची मजबुती मुख्यतः त्यावर अवलंबून असते. कापलेले कोपरे एकमेकांना धरून ठेवतात ते त्यांवरून गुंडाळलेले कागद-कापडच. ओला कागद पसरतो आणि वाळताना आक्रसतो, त्यामुळे तो एकाच बाजूला लावला तर पुठ्ठा त्या बाजूला वाकतो. आतून अस्तर लावण्याचे कारण हेच. ते उलट दिशेने ओढून तोल साधते. अस्तराला साधा कागदही चालतो. बाहेरून मार्बल पेपर, हातकागद किंवा कापड लावतात. खणाचे आणि जुन्या साड्यांच्या काठांचे तुकडे यासाठी विशेष वापरले जातात. कापडाला गोंद लावल्यास तो झिरपून डाग पडतात, म्हणून गोंद पुठ्ठ्याला लावून वर कापड ताणून बसवतात आणि रात्रभर वजनाखाली दाबून ठेवतात. आरसे, मणी, टिकल्या हा शेवटचा टप्पा असतो. झाकणावर त्यांची गर्दी झाली की एकावर एक खोकी रचता येत नाहीत आणि साठवणुकीचा हेतूच मागे पडतो.

कागदाच्या लगद्याच्या टोपल्या याच घरगुती कलेच्या शेजारच्या आहेत. रद्दी भिजवून कुटायची, मेथीचे पीठ मिसळायचे आणि लगदा पालथ्या भांड्यावर थापून वाळवायचा, अशी त्यांची रीत. मेथी लगद्याला बांधून ठेवते आणि तिच्या कडवटपणामुळे कीड दूर राहते असे मानतात. काश्मीरच्या कागदी लगद्याच्या पेट्यांत साच्यावर पेटी घडवण्याचे काम सख्तसाझी आणि रंगकाम नक्काशी या नावांनी ओळखले जाते व ती दोन्ही कामे वेगवेगळे कारागीर करतात. घरच्या खोक्यात मात्र घडवणारे आणि सजवणारे हात एकच असतात.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात या खोक्यांना बुरशी लवकर धरते. ती भिंतीला टेकवून न ठेवता फळीवर ठेवावीत, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि उन्हे पडताच झाकणे उघडी टाकावीत. तेलकट किंवा ओलसर खाद्यपदार्थ त्यांत थेट ठेवू नयेत. सर्वांत आधी झिजतात त्या झाकणाच्या कडा. तेथे बाइंडिंगच्या कापडाची दोन बोटे रुंद पट्टी लावली की खोके पुन्हा काही वर्षे चालते.