वनस्पतिजन्य संयुगांची चिंताशामक चाचणी

वनस्पतींचे अर्क किंवा त्यांतून वेगळी काढलेली संयुगे चिंता कमी करतात का, हे प्रयोगशाळेतील प्राण्यांवर, मुख्यतः माउस व रॅट या उंदरांवर, तपासण्याची पद्धत. चिंता वाटते का हे उंदराला विचारता येत नाही. मोजायचे ते त्याचे वागणे. नवी जागा हुंगून पाहण्याची त्याला ओढ असते आणि उघड्यावर जाण्याची धास्तीही. बहुतेक चाचण्या या रस्सीखेचीवर उभ्या आहेत.

सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे एलिव्हेटेड प्लस मेझ, म्हणजे उंचावर उभारलेला अधिकच्या आकाराचा मार्ग. हँडली व मिठानी यांनी 1984 मध्ये त्याचा वापर मांडला आणि पुढच्याच वर्षी पेलो, फाइल व सहकाऱ्यांनी रॅटसाठी ते पारखून घेतले. जमिनीपासून सुमारे 50 सेंमी उंचीवर अधिकच्या चिन्हासारखी मांडणी असते. समोरासमोरच्या दोन बाजूंना भिंती, उरलेल्या दोन उघड्या. प्राण्याला मधल्या चौकात ठेवून सहसा 5 मिनिटे पाहतात. औषध न दिलेला उंदीर भिंतींच्या आडोशाने फिरतो. उघड्या बाजूच्या तोंडाशी येतो, मागचे पाय आतच रोवून अंग पुढे ताणतो, कड हुंगतो आणि झटकन मागे सरतो. डायझेपाम हे चिंता कमी करणारे परिचित औषध दिलेला मात्र उघड्या फळीवर जास्त वेळ काढतो, कडेवरून खाली डोकावतो. म्हणूनच तुलनेसाठी डायझेपामचा एक गट ठेवतात. आधीच्या प्राण्याचा वास राहू नये म्हणून दर वेळी फळी पातळ अल्कोहोलने पुसून घेतात. एकदा मेझवर जाऊन आलेल्या प्राण्यावर दुसऱ्या खेपेला डायझेपामचाही परिणाम फारसा दिसत नाही. तेव्हा त्याच उंदरांवर पुन्हा चाचणी घेणे व्यर्थ.

ओपन फील्ड म्हणजे भिंतींनी वेढलेला मोकळा चौक (हॉल, 1934) आणि उजेड-अंधाराची दुकप्पी पेटी (क्रॉली व गुडविन, 1980) यांचे तत्त्व हेच.

खरी मेख निष्कर्ष काढताना आहे. अर्काने उंदीर गुंगला तर तो कुठेच जात नाही. उलट त्याला तरतरी आली तर सगळीकडेच धावतो आणि उघड्या बाजूंच्या फेऱ्याही आपोआप वाढतात. दुसऱ्या प्रकाराला चिंताशमन समजणे सोपे असते. त्यामुळे बंद बाजूंतील फेऱ्या, एकूण हालचाल आणि फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याची रोटारॉड चाचणी यांची जोड नसेल, तर नुसत्या मेझच्या आकड्यांवर विसंबू नये.

कॅमोमाइल या फुलझाडातील एपिजेनिन हे संयुग याचे बोलके उदाहरण. 1995 मध्ये ब्वेनोस आयरेसमधील संशोधकांना ते मेंदूतील बेंझोडायझेपिन ग्राहींना (डायझेपामसारखी औषधे पेशींवर जिथे चिकटतात त्या जागांना) चिकटते आणि माउसमध्ये गुंगी न आणता चिंता कमी करते असे आढळले. 2000 मध्ये रॅटवर झालेल्या दुसऱ्या कामात मात्र हालचाल मंदावलेली दिसली, चिंताशमन नाही.

परिणाम कोणत्या वाटेने होतो हे शोधायला फ्लुमाझेनिल हे औषध उपयोगी पडते, कारण ते बेंझोडायझेपिन ग्राही अडवते. लॅव्हेंडरमधील लिनालूल या सुगंधी संयुगावर जपानमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने नेटका आहे. नुसत्या वासाने माउसची चिंता कमी झाली. वासाची संवेदना नष्ट केलेल्या माउसमध्ये झाली नाही, आणि फ्लुमाझेनिल दिल्यावरही नाही. म्हणजे वाट नाकातून सुरू होते आणि पुढे याच ग्राहींपाशी पोहोचते.

शुद्ध संयुगापेक्षा अर्क जास्त छळतो. एकाच झाडाची पाने वेगळ्या ऋतूत तोडली किंवा पाण्याऐवजी अल्कोहोलमध्ये भिजवली, की अर्काचे घटक बदलतात. त्यांचे प्रमाण न नोंदवलेला निकाल दुसरीकडे पडताळताच येत नाही. पोटाच्या पोकळीत टोचलेला अर्क आतड्यांतील पचन आणि शोषणाचा टप्पा टाळतो, त्यामुळे तोंडाने घेतल्यावर तो तसाच लागू पडेल असे नाही. मात्राही सरळ वजनाच्या पटीत माणसाला लावत नाहीत. शरीराच्या पृष्ठभागानुसार माउसची मात्रा साधारण 12.3 ने भागतात: दर किलोला 200 मिग्रॅ म्हणजे 60 किलोच्या माणसाला जवळपास 1 ग्रॅम.

सुरक्षिततेबद्दल या चाचण्या काहीच सांगत नाहीत. कावा या पॅसिफिक बेटांवरील वनस्पतीचे चिंताशामक गुण प्राण्यांत आणि माणसांतही दिसले होते. तरी यकृताला इजा झाल्याच्या नोंदींमुळे 2002 मध्ये जर्मनीने तिची औषधे बाजारातून काढून घेतली. पाच मिनिटांच्या मेझमध्ये यकृत दिसत नाही.