अपंगत्वावरून नोकरीत भेदभावाचे खटले (मुंबई)

अपंगत्वाचं कारण काढून नोकरी नाकारली, काढून टाकलं किंवा खालच्या पदावर बसवलं म्हणून कामगाराने मागितलेली दाद. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' लिहितात, पण लोकलमधला डबा बोलण्यात अजून अपंगांचाच आहे, म्हणून इथे तोच शब्द ठेवलाय.

सुरुवात कुठून धरायची यावर मतं वेगळी आहेत. बरेच जण 1995 चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा धरतात, त्याच्या कलम 47 मुळे नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नव्हतं, जुनं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम आणि तेही नसेल तर जादा पद काढून त्यावर ठेवायचं. 2003 च्या कुणाल सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पाय गमावलेल्या शिपायाला अपंगत्वाची पेन्शन दिली म्हणून हे कलम टळत नाही. पण हे संरक्षण आधीच नोकरीत असलेल्यांना, दारात उभ्या असलेल्याचं काय? मुंबई हायकोर्टाचा 1997 चा एचआयव्ही निकाल (कामगार आणि कंपनी दोघांचीही नावं झाकलेली) काही जण इथे आणतात, कारण काम करायला फिट असलेल्याला नुसत्या आजारावरून नाकारता येणार नाही असं त्यात आहे, मात्र तो अपंगत्व कायद्यावर नव्हे तर राज्यघटनेवर उभा आहे. त्यापेक्षा 2009 चं स्टेट बँकेचं प्रकरण जास्त पटतं. निवड झालेल्या उमेदवाराचं किडनी ट्रान्सप्लांट झालेलं होतं म्हणून बँकेने त्याला नाकारलं, आणि आपल्या कायद्यात तेव्हा 'वाजवी सोय' (अपंगाला काम करता यावं म्हणून मालकाने झेपतील तेवढे बदल करून देणं) हा शब्द नसतानाही हायकोर्टाने तो भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातून घेतला. ही कल्पना मुळात अमेरिकेतली, तीही आधी धार्मिक सुट्ट्यांसारख्या गोष्टींसाठी, तिथल्या अपंगांच्या कायद्यात ठळकपणे आली 1990 ला.

2016 चा कायदा (लागू 19 एप्रिल 2017) 'वाजवी सोय'ची व्याख्या घेऊनच आला, अपंगत्वाचे प्रकार 21 झाले, सरकारी जागांत 4 टक्के आरक्षण आलं. ग्यानबाची मेख अशी की कलम 20 मधलं नोकरीचं संरक्षण फक्त सरकारी आस्थापनांना लागू आहे. खासगी कंपनीला समान संधी धोरण काढावं लागतं, भेदभावाची सर्वसाधारण बंदीही आहे, पण 'हेतू योग्य होता आणि त्यासाठी गरजेपेक्षा जास्त काही केलं नाही' असं दाखवून मालक सुटू शकतो. म्हणून खासगीतला कामगार बहुधा लेबर कोर्टाची वाट धरायचा, आणि तिथे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात सततच्या आजारपणामुळे काढणं ही नोकरकपातच धरत नव्हते, म्हणजे नोकरकपातीची भरपाईही नाही.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी हाजी अलीची पुनर्वसन संस्था मुंबईकरांना माहीत असते, तक्रारी ऐकणारे राज्याचे अपंग आयुक्त मात्र पुण्यात बसतात. मानसिक आजाराबद्दल 2021 चा सुप्रीम कोर्टाचा एक महत्त्वाचा निकाल आहे, शिस्तभंगाच्या कारवाईमागे आजार हे अनेक कारणांपैकी एक असलं तरी तो भेदभाव ठरू शकतो. 2016 चा कायदा मोडल्याचा दंड पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी 50,000 ते 5 लाख.