कंपायलर पुढे, डिबगर मागे: २.९६ चा वाद आणि नंतरचे

जीसीसी हा लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बांधणारा कंपायलर, आणि जीडीबी हा त्यातल्या चुका शोधायचा डिबगर. जीसीसी ११ ने बांधलेला प्रोग्रॅम जुन्या जीडीबीत उघडला की जीडीबी डीबग माहितीच्या हेडरमधल्या आकड्यावरच अडतो: आवृत्ती ५ आहे, २, ३ किंवा ४ हवी होती. प्रोग्रॅम धडधाकट असतो आणि डिबगरही बिघडलेला नसतो. एप्रिल २०२१ मध्ये जीसीसीने डीबग माहिती (डिबगरला कोडच्या ओळी आणि नावे ओळखायला लागते ती) न सांगताच ड्वार्फ या मांडणीच्या ५ व्या आवृत्तीत लिहायला सुरुवात केली. ती नीट वाचणारा जीडीबी १०.१ जेमतेम सहा महिने आधी आला होता.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. मे २००२ मध्ये जीसीसी ३.१ ने लिनक्सवर स्टॅब्स ही जुनी मांडणी सोडून ड्वार्फ २ धरले, तेव्हा जीडीबी ५.१.१ ची अट होती. २०१३ मध्ये ४.८ ने ड्वार्फ ४ आणले, तेव्हा ७.५ ची. नवा डिबगर जुनी माहिती वाचतो, जुन्याला नवी वाचता येत नाही.

पण अधिकृत आवृत्तीबरोबर निदान अट तरी छापून येते. सप्टेंबर २००० मध्ये तीही नव्हती. तेव्हाची अधिकृत जीसीसी २.९५.२ होती आणि रोज बदलणाऱ्या विकासशाखेवर २.९६ हा आकडा होता. एका मोठ्या लिनक्स वितरकाने त्या शाखेचा एक स्नॅपशॉट (एका दिवशीची प्रत) उचलला, स्वतःचे पॅच, म्हणजे फेरबदल, चढवले आणि तोच मुख्य कंपायलर म्हणून दिला. महिन्याभरात जीसीसीच्या चालकांनी जाहीर केले, की २.९६ ही आवृत्ती निघालेली नाही आणि निघणारही नाही. गोंधळ टाळायला त्यांनी आपल्या शाखेचा आकडा २.९७ केला.

२.९६ ने बनवलेली सी प्लस प्लसची ऑब्जेक्ट फाइल (कंपायलरमधून निघालेला, अजून जोडायचा तुकडा) २.९५ शी जुळत नव्हती, येऊ घातलेल्या ३.० शीही जुळणार नव्हती. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बांधायला त्याच वितरणात वेगळा, जुना कंपायलर द्यावा लागला, यातच बरेच आले. एका लोकप्रिय व्हिडिओ प्लेयरने तर २.९६ दिसताच बांधणी नाकारली. वितरकाची बाजू अगदीच लंगडी नव्हती: २.९५ चे सी प्लस प्लस कच्चे होते, आणि २.९६ ने नाकारलेला बराच कोड मुळात नियमबाह्यच होता. तरीही मालकाने न दिलेला आकडा ग्राहकाच्या हाती ठेवणे, हे माझ्या मते चुकलेच.

‘प्री-रिलीज’ या शब्दाचा घोळ इथलाच. स्नॅपशॉट म्हणजे त्या दिवशीचा कोड, चालेल तसा. प्री-रिलीज म्हणजे नवे काही घेणे थांबवून फक्त दुरुस्त्या चाललेला. रिलीज कँडिडेट त्याच्याही पुढचा. २०१५ च्या जीसीसी ५ पासून हा फरक आकड्यातच बसवला: ५.०.० प्रायोगिक, ५.०.१ प्री-रिलीज, पहिली खरी आवृत्ती ५.१. मात्र ५.०.१ सारखा आकडा आठवडेच्या आठवडे तोच राहतो, म्हणून बग नोंदवताना स्नॅपशॉटची तारीख लिहावीच लागते.

डिबगरच्या चाचण्या आपले छोटे प्रोग्रॅम हाताशी असेल त्या कंपायलरने बांधतात. त्यामुळे प्री-रिलीज कंपायलरवर ब्रेकपॉइंटची (प्रोग्रॅम ठरल्या ओळीवर थांबवण्याची) चाचणी नापास झाली, तर खोट कोणाची हे लगेच कळत नाही. डिबगर तोच ठेवून कंपायलर बदलायचा, मग कंपायलर तोच ठेवून ड्वार्फ ४ मागायचे. ४ वर चाचणी पास आणि ५ वर नापास झाली, की शोध बराच आवरतो. स्टॅब्सपर्यंत मागे जाता येत नाही, ती सोय २०२३ च्या जीसीसी १३ ने काढून टाकली.